दोन पायऱ्या कमी

ऑफिसात मला मिलीमीटर म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या बांधकाम परवानगी विभागातल्या भिंती प्लायवूडच्या असल्यामुळे पाठीमागचं सगळं पुढे ऐकू येतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं. नदीकाठच्या गावात जमिनीची उंची मोजणारा माणूस कटकट्याच हवा, आणि तो मी होतो.

नियम साधा आहे. मोठा पूर आला तर पाणी कुठवर चढेल, त्याची एक रेषा नकाशावर आखलेली आहे. ती पूररेषा. त्या पट्ट्यात घर बांधायचं असेल तर घराचं जोतं, म्हणजे तळमजल्याची जमीन, त्या रेषेपेक्षा किमान तीस सेंटीमीटर वर हवी. जोतं बांधून झालं की मी जातो, दुर्बीण लावतो, मोजतो आणि दाखला देतो. तोवर पुढची वीट रचायची नाही. एकोणतीस भरलं की मी परत पाठवतो. लोक गयावया करतात, ओळखी काढतात, कोणाकोणाचे फोन आणतात. एक ठेकेदार मला म्हणाला होता, "एका सेंटीमीटरने नदी रागावणार आहे का?" मी म्हटलं, "नदीचं माहीत नाही, मी रागावणार."

सगळी मोजणी शाळेपासून सुरू होते. शाळेच्या पायरीत अंगठ्याच्या नखाएवढं एक पितळी बटण बसवलेलं आहे. त्याची उंची आमच्या वहीत लिहिलेली आहे आणि गावातल्या प्रत्येक घराची उंची त्याच्यावरून काढतात. बटणापासून मोजत मोजत घरापर्यंत जायचं, आणि घरापासून मोजत मोजत परत बटणावर यायचं. जातानाचे आणि येतानाचे आकडे जुळले की मोजणी पक्की. माझी मोजणी दोन-तीन मिलीमीटरच्या आत जुळायची. एकदा तर शून्य आलं होतं, तेव्हा मी सगळ्या ऑफिसला चहा पाजला.

आकडे कोरलेली उंच पट्टी धरायला माझ्याबरोबर ऑफिसातल्या मावशी असतात. तीस वर्षं पट्टी धरून त्यांचा उजवा खांदा कायमचा वर राहिलाय. पट्टी मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. कारण पट्टी जमिनीला टेकलेलीच हवी. दोन बोटं उचलून धरली की जमीन दोन बोटं उंच दिसते. ठेकेदारांची माणसं बुटाच्या टोकावर पट्टी ठेवून बघतात. मावशींच्या हातात असली की माझ्या जिवाला घोर नसतो. "तुम्ही घरी चहात साखर पण मोजूनच घालायला लावत असाल," असं त्या मला अधूनमधून ऐकवतात, तेवढाच काय तो त्रास.

पूर्वी मोजणी परत बटणावर नाही, तर पुलाच्या खांबावरच्या दुसऱ्या खुणेवर नेऊन जुळवायची पद्धत होती. पुस्तकात तसंच लिहिलंय. पण पूल गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथवर मोजत जाण्यात अर्धा दिवस जातो, आणि टेबलावर अर्जांचा ढीग. निघालो तिथेच परत आलो तरी चालतं की, असं एक दिवस ठरलं. कोणी ठरवलं? मीच ठरवलं.

एका मंगळवारी एक म्हातारा गवंडी स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्याचा अर्ज घेऊन आला. अर्जात सही चुकीच्या जागी होती, म्हणून मी त्याला चार शब्द सुनावले. तो काही चिडला नाही. माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "शाळेतल्या पितळी बटणावर पट्टी ठेवता, ते तुम्हीच ना?"

"हो. का?"

"ते मी बसवलंय."

"आजोबा, ते तुमच्या लहानपणापासून असेल तिथे."

"बटण जुनंच हो. पण सहा वर्षांमागे शाळेच्या पायऱ्या फोडून उतार केला ना, चाकाच्या खुर्चीसाठी? तेव्हा ते निखळलं. ठेकेदार म्हणाला, फेक भंगारात. मी म्हटलं, सरकारी वस्तू आहे, उद्या कोणी विचारलं तर? चार दिवस खिशात घेऊन फिरलो. मग चांगलं घासलं आणि दिलं बसवून. आता बघा हलतंय का!"

"कुठे बसवलंत?"

"पायरीतच. आधी सगळ्यात वरच्या पायरीत होतं. वरच्या दोन गेल्या उतारात. म्हणून तिसरीत बसवलं."

त्याचा चेहरा खुलला होता. मी म्हटलं, "छान बसवलंय." अर्ज मी उलटा धरला होता, हे मला तो गेल्यावर कळलं.

शाळेच्या पायऱ्या बदललेल्या मी पाहिल्या नव्हत्या असं नाही. उतार रोज दिसत होता. बटण एकदम लख्ख झालंय हेही दिसलं होतं, आणि कोणीतरी साफ केलं म्हणून मी खूशही झालो होतो. सहा वर्षं मी खाली आलेल्या बटणावरून निघत होतो, त्याच बटणावर परत येत होतो आणि आकडे जुळले म्हणून मिशीला पीळ देत होतो. बटणच चुकीचं असेल तर आकडे जुळणारच. हे एखाद्या शिकाऊ पोराने केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

बुधवारी सकाळी मावशींना घेऊन पुलावर गेलो आणि तिथल्या खुणेपासून शाळेपर्यंत मोजत आलो. चार तास लागले. बटण वहीतल्या आकड्यापेक्षा चौतीस सेंटीमीटर खाली होतं. मी पुन्हा पुलापर्यंत मोजत गेलो. मावशींनी एका शब्दाने कुरकुर केली नाही, आणि त्यानेच माझा धीर सुटला. आकडा तोच आला.

मावशींनी पट्टी कठड्याला टेकवली. "किती घरं असतील?"

"एकसष्ट."

"आणि तुमच्या ताईचं?"

"धरून."

ताई माझी सख्खी मोठी बहीण. वरच्या मजल्यावर एका खोलीत ती आणि भावजी राहतात, आणि तळमजल्यावर तिचं पाळणाघर आहे. अकरा मुलं. सगळ्यात मोठं साडेतीन वर्षांचं. दुपारी ती सगळी जमिनीवर पातळ गाद्या टाकून ओळीने झोपतात. तीन वर्षांपूर्वी तिचं जोतं मीच मोजलं. सख्खा भाऊ म्हणून सूट दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून तिथे मी जरा जास्तच ताठ होतो. बरोबर तीस भरलं. तेव्हा ती म्हणाली होती, "अजून दोन पायऱ्या चढवू का रे? मुलं असणार खाली. मला भीती वाटते." मी हसलो होतो. म्हटलं होतं, "कशाला उगाच भराव टाकतेस? तीस म्हणजे तीस. माझ्या आकड्यावर विश्वास नाही का तुझा?"

विश्वास होता. म्हणून तिने दोन पायऱ्या चढवल्या नाहीत. चौतीसातून तीस गेले की चार उरतात. माझ्या ताईच्या पाळणाघराची जमीन पूररेषेच्या चार सेंटीमीटर खाली आहे. पालथ्या झोपलेल्या मुलाला तेवढं पाणी पुरतं.

साहेबांना सांगितलं. ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत, पण खुर्ची मोठी आहे. त्यांनी आधी दार लावलं.

"अहो, पूररेषा म्हणजे तरी काय? अंदाजच ना? आजपासून खरा आकडा वापरा. मागचं कशाला उकरायचं?"

"साहेब, एकसष्ट घरांत लोक झोपतात."

"आणि एकसष्ट दाखल्यांवर सही कोणाची आहे?" ते आवाज चढवत नाहीत, हे त्यांचं वाईट आहे. "बरं, लिहा अहवाल. पण तारीख टाकू नका. बघू पुढे."

तारीख नसलेले असे कागद आमच्याकडे एका लोखंडी कपाटात राहतात. त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे अकरा वर्षांत मला कळलेलं नाही. मी बरं म्हटलं आणि बाहेर आलो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला सुटल्यासारखंही वाटलं होतं. ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

संध्याकाळी ताईकडे गेलो. शेवटच्या मुलीला तिचे बाबा घेऊन गेले होते. ताई गाद्या झटकून भिंतीशी रचत होती. मी सगळं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ती शेवटची गादी हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे मी म्हणत होते त्याच दोन पायऱ्या," ती म्हणाली.

"हो."

"आता काय होईल?"

"नोटीस निघेल. भिंतीवर पूररेषेची निळी पट्टी मारावी लागेल. तळमजल्यावर कोणाला झोपवायचं नाही."

"मग पाळणाघर कुठे? वर अकरा मुलं मावतात का?" तिने गादी खाली टाकली. "तू बाकीच्या साठ घरांचं लिही. माझं गाळ. कोण बघायला येणार आहे? मोजणारा तूच ना?"

"ताई, मुलं जमिनीवर झोपतात."

"मला सांगतोस? मी झोपवते त्यांना! पाऊस वाढला की दुसऱ्या दिवशी बंद ठेवीन, रात्र रात्र जागेन, काहीही करीन. छोट्या, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही रे. एकदा दोन पायऱ्या मागितल्या, त्या तू दिल्या नाहीस. आता एवढं तरी दे."

मी चपला घातल्या आणि निघालो. मागून तिने ये म्हटलं नाही. रोज म्हणते.

अहवाल मी दुसऱ्या दिवशी लिहिला. चूक कोणाची, या रकान्यात माझं नाव घातलं. मोह झाला, म्हाताऱ्या गवंड्यावर दोन ओळी सहज ढकलता आल्या असत्या; पण त्या बिचाऱ्याने माझं काय घोडं मारलं होतं? खाली तारीख टाकली, ठसठशीत, आणि कागद साहेबांकडे न नेता सरळ आवक खिडकीवर नोंदवून घेतला. आता तो कपाटात जाऊ शकत नव्हता. सोबतच्या यादीत घरं सगळ्यात खालून वरच्या क्रमाने लावायची असतात. सगळ्यांना तिसाच्या वर एखाद-दोन सेंटीमीटर तरी सापडले होते. बरोबर तीसवर मी एकाच घराला थांबवलं होतं. ताईचं घर यादीत पहिलं आलं.

साहेब माझ्याशी बोलत नाहीत. चौकशी लागली आहे. ती पूर्ण होईपर्यंत भिंतींवर निळ्या पट्ट्या मारायचं काम मात्र माझ्याकडेच ठेवलंय. शिक्षा म्हणून दिलं असेल, तर शिक्षा कशी द्यायची हे साहेबांना चांगलं कळतं.

सोमवारी निळ्या रंगाचा डबा, दुर्बीण आणि मावशींना घेऊन ताईकडे गेलो. पाळणाघर बंद होतं. ताईने दार उघडलं आणि बाजूला झाली. गाद्यांची चळत तशीच होती. दाराशेजारी भिंतीवर ती दर महिन्याला मुलांची उंची पेन्सिलीने लिहिते, ती अकरा नावं तशीच होती. मी फूटपट्टीने जमिनीपासून चार सेंटीमीटर मोजले आणि ब्रश बुडवला.

"थांब," ती म्हणाली. त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा बोलली. "आधी पुन्हा मोज."

"ताई, मी तीनदा..."

"माझ्यासमोर मोज."

पुलावरून आणलेली खरी उंची मी तिच्या गल्लीच्या तोंडाशी दगडावर खूण करून ठेवली होती. तिथली पट्टी वाचली. मग दुर्बीण तिच्या दाराकडे वळवली. मावशी पट्टी घेऊन आत गेल्या, तर ताईने हात पुढे केला. "मी धरते."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. पट्टी मी दुसऱ्या कुणाला देत नाही, हे त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक आहे? मी मान हलवली. त्यांनी पट्टी ताईच्या हातात दिली, ती कशी सरळ धरायची ते दाखवलं आणि त्या बाहेर अंगणात येऊन उभ्या राहिल्या, घराकडे पाठ करून.

मी दुर्बिणीला डोळा लावला. आकडा स्पष्ट दिसला. मला अपेक्षित होता तोच. मी वहीकडे वळणार, एवढ्यात तो हलला. एक सेंटीमीटर सरकला. मग दोन. मग चार. दुर्बिणीत माझ्या ताईच्या घराची जमीन हळूहळू वर येत होती. पूररेषेपर्यंत आली, रेषेच्या वर गेली, एक पायरी चढली. पट्टी जड असते. आकडे थरथरत होते. मला वाटलं, आत्ता इथेच लिहून टाकावं. जगात हे बघणारा एक मी होतो, आणि पाठ करून उभी असलेली एक बाई.

"ताई," मी डोळा न काढता म्हटलं, "पट्टी खाली टेकव."

पट्टी तशीच वर राहिली. मी घाई केली नाही. मावशीही वळल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने पट्टी जमिनीला टेकली. मी आकडा वाचला आणि लिहून घेतला.