कुलपावर पडलेला तिसरा घाव

मी एक जुने फावडे आहे, मित्रांनो. आमच्याकडे, अलाय डोंगराच्या पायथ्याशी, मला केतमेन म्हणतात. माझे पाते रुंद आणि जड आहे, दांडा तुतीच्या लाकडाचा आहे. तीसहून अधिक उन्हाळे मी पाटाचे पाणी वळवले आणि एका दुपारी एक माणूस मारला. दोन्ही कामे याच पात्याने झाली. तेव्हा माझी हकीकत गोड नाही, पण ती तुम्हाला सांगायलाच हवी.

कालमुर्झा लोहाराने मोडक्या नांगराच्या पोलादातून मला घडवले. एका कोकराच्या बदल्यात सादिरने मला घरी नेले. सादिर सामुदायिक शेतावर राबणारा माणूस. कमी बोलायचा आणि खूप खणायचा. त्या काळी सगळेच गरीब होते. मुकादमाच्या पुलावात मांस जरा जास्त असायचे, एवढाच काय तो फरक. पाणी पाळीपाळीने सगळ्यांच्या वाफ्यांत जायचे आणि सादिर संध्याकाळी पाटातच मला धुऊन, चरबीचा हात फिरवून कोपऱ्यात उभे करायचा. लोक म्हणत, सादिरच्या केतमेनात तोंड दिसते. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

मग सामुदायिक शेत मोडले. जमीन घराघरांत वाटायची ठरली. वडीलधाऱ्यांनी एका उंच पांढऱ्या टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्याने त्याने हात घातला. शेतावरच्या कोठाराच्या किल्ल्या ज्याच्याकडे असत, त्या एर्गेशच्या घरच्यांनी नऊ चिठ्ठ्या काढल्या. नऊच्या नऊ पाटाच्या तोंडाशी निघाल्या. सादिरची चिठ्ठी अगदी खाली, पाट जिथे संपतो तिथली. चिठ्ठ्यांत काय झाले ते सगळ्यांनी पाहिले होते. पण गावातला एकमेव ट्रॅक्टर त्याच वाटणीत एर्गेशकडे गेला होता, आणि नांगरणी तोंडावर आली होती. कोणी तोंड उघडले नाही.

मित्रांनो, विषमता एका दिवसात येत नाही. एकेका चिठ्ठीची जमीन सारखीच होती, पण पाणी आधी एर्गेशला पोचायचे. त्याचे पीक यायचे, खालच्यांचे करपायचे. करपलेला माणूस दोन वर्षे तग धरी, तिसऱ्या वर्षी आपला तुकडा एर्गेशला देऊन टाकी आणि रशियात विटा वाहायला निघून जाई. असे करत करत एर्गेशची चेरीची बाग टेकडीपर्यंत पसरली. त्याने पाटाचे तोंड सिमेंटने बांधले, त्याला लोखंडी दार बसवले आणि दाराला कुलूप घातले.

सादिर एकटाच त्या दाराशी भांडायला गेला. मी त्याच्या खांद्यावर होते. एर्गेशच्या माणसांनी मला हिसकावले आणि माझ्याच दांड्याने त्याच्या गळ्याखालचे हाड मोडले. दांडाही मोडला. सादिरने पडल्या पडल्या आधी माझे पाते शोधले आणि ते छातीशी धरून तो खाली आला. त्यानंतर त्याचा उजवा हात वर गेला नाही. पुढच्या हिवाळ्यात तो गेला.

त्याला दोन मुलगे. थोरला नुर्दीन रशियात गेला. सुरुवातीला त्याचा फोन यायचा, मग फोनही कधीतरीच येऊ लागला. धाकटा आसान गावातच राहिला. नुर्दीनच्या बायकोने, तुर्सुनायने, मला नवा दांडा बसवला. ती उंच, हडकुळी बाई होती. तिच्या हाताला घट्टे पडले होते, पण ती माझा एकही घाव वाया जाऊ देत नसे.

आणि एक दिवस आसान एर्गेशच्या बागेवर पहारेकरी म्हणून लागला. ज्या दाराशी बापाचे हाड मोडले, त्याच दाराशी काठी घेऊन बसू लागला. तुर्सुनायने चुलीपाशी त्याला गाठले आणि नको नको ते बोलली. आसानने सगळे ऐकून घेतले. मग नानचा तुकडा चहात बुडवत तो म्हणाला, “वहिनी, भूक लागली की पोरं विचारत नाहीत, बाप कुणाच्या दारात बसतो म्हणून.”

तुर्सुनायने त्याच्यापुढे आणखी एक नान ठेवला आणि ती उठून गेली.

मग तो कोरडा उन्हाळा आला. डोंगरावर बर्फच कमी पडले होते. पाटात आमच्यापर्यंत नुसता ओलावा यायचा, तोही पुढे थांबला. मका कंबरेएवढा होऊन वाळला. कांदे जमिनीतच उकडले. बायका दोन कोसांवरून पिण्याचे पाणी आणत. ओळीत उभ्या असताना दोघी जणी बादलीवरून एकमेकींच्या झिंज्या धरून पडल्या. एकीचे दात पडले. गरिबांची पहिली मारामारी आपसातच होते, हे मी तेव्हा पाहिले. वर मात्र एर्गेशच्या तळ्यात बदके पोहत होती.

त्याच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी सात बायका त्याच्या घरी गेल्या. मी तुर्सुनायच्या हातात होते, पण फाटकातच मला ठेवायला लावले. एर्गेश काही ओरडला नाही. तो कधीच ओरडत नसे. नव्या रेशमी झग्यात बाहेर आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “पाणी देवाचं आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण पाट मी बांधला, दार मी बसवलं. देवाचं पाणी हवं तर देवाच्या पाटानं न्या.” आणि त्याने प्रत्येकीला पुलावाची थाळी द्यायला सांगितले.

सहा जणींनी खाल्ले. त्यांना भूक होती. तुर्सुनायने थाळी फाटकापाशी ठेवली, मला उचलले आणि चालू लागली. त्या सहा जणींना तिने कधी बोल लावला नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी खालची वस्ती वर निघाली. चाळीसएक माणसे होती, त्यात निम्म्या बायका. एर्गेश शहरात गेला होता. दाराशी तीन पहारेकरी आणि साखळीला एक कुत्रा. तिन्ही पहारेकरी आमच्याच वस्तीतले. मधोमध आसान.

“मागं फिर वहिनी,” तो हळू आवाजात म्हणाला. “आज हे कुलूप तुटलं तर उद्या मला घरी बसवतील.”

“तू उद्या बसशील,” तुर्सुनाय म्हणाली. “आम्ही बसलोय कधीचे. बाजूला हो.”

मागून एक दगड आला आणि दुसऱ्या पहारेकऱ्याच्या कपाळावर फुटला. त्याने आंधळेपणाने काठी फिरवली. ती एका म्हातारीच्या डोक्यात बसली. मग काहीच आवरले नाही. कुणीतरी कुत्र्याला सोडले, कुणीतरी त्याला विळ्याने उभा चिरला. माणसे माणसांवर पडली. धुळीत कोण कुणाला मारतो आहे हे मारणाऱ्यालाही कळत नव्हते.

तुर्सुनायने मला डोक्यावर उचलले आणि कुलपावर घातले. पहिल्या घावात ठिणगी उडाली. दुसऱ्या घावात कडी वाकली. तिसऱ्या घावासाठी मी वर गेले तेव्हा आसान मध्ये आला. तिला मारायला नव्हे, कुलूप दोन्ही हातांनी झाकायला. वाकल्यामुळे त्याची मान माझ्या वाटेत आली.

मित्रांनो, मी जड आहे. एकदा डोक्यावरून सुटले की मला थांबता येत नाही. पण हेही खरे की त्या क्षणी तुर्सुनायच्या हातांनी थांबायचा प्रयत्न केला की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. लाकडाला सगळे कळते असे नाही.

त्याने “वहिनी” एवढेच म्हटले. तेही अर्धेच.

ती गुडघ्यावर बसली आणि त्याची मान दोन्ही हातांनी दाबून धरू लागली. बाकीचे थांबले नाहीत. मला कुणीतरी उचलून कुलूप तोडले, दार वर ओढले. मग जमाव बागेत घुसला. फळांनी लगडलेली झाडे कापली, पहाऱ्याची झोपडी पेटवली, तिसऱ्या पहारेकऱ्याचे दोन्ही पाय मोडले. पाणी सुटले ते आसानच्या रक्तासकट खाली गेले. पण खाली वाफ्यात वळवायला कोणीच नव्हते. अर्धे पाणी रस्त्यावर गेले, उरलेल्याने वाळका मका आडवा केला. संध्याकाळपर्यंत पोलीस आले आणि लोक घरात दडले.

एर्गेश परतला. त्याने भिंत उंच केली, नवी रोपे लावली. पहारेकऱ्यांच्या तीन जागा रिकाम्या झाल्या होत्या. त्यांसाठी आमच्या वस्तीतले अठरा जण ओळीत उभे राहिले.

खटल्यात तुर्सुनायने काही नाकारले नाही. तिला सात वर्षांची शिक्षा झाली. नुर्दीन आला नाही. आसानची विधवा झूरा साक्षीला उभी राहिली. तिने आपल्या जावेकडे, तुर्सुनायकडे, एकदाही पाहिले नाही.

“हिनं माझा माणूस मारला,” ती म्हणाली. “मी हिला माफ करणार नाही. पण आणखी एक लिहा. आदल्या दिवशी त्यानं मालकाला फोन करून विचारलं होतं, दोन तास दार उघडू का म्हणून. मालक म्हणाला, तुला पगार उघडायचा देतो का?”

न्यायाधीशांनी सांगितले की या गोष्टीचा खटल्याशी संबंध नाही. ती लिहिली गेली नाही.

आता मी पोलीस ठाण्याच्या कोठारात पडून आहे. पात्यावर गंज चढला आहे. माझ्या दांड्याला तारेने एक चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर लिहिले आहे, ‘खुनाचे हत्यार’. शेजारीच ते तुटलेले कुलूपही पडले आहे. त्याला कुणी चिठ्ठी बांधलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी फावडे असेल तर ते धुवा, पुसा, त्याला तेल लावा. पण तेवढ्याने भागत नाही. कधी तरी पाटाच्या शेवटापर्यंत चालत जा आणि तिथली माती हाताने चाचपून बघा. ती कोरडी असेल तर वर जाऊन सांगा, वेळेवर सांगा, आणि सांगताना एकटे जाऊ नका. सादिर एकटा गेला होता.