लिहिता येतं, वाचता येत नाही

आमच्या जळोचीच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पाळीपाळीनं रोज एकानं एक पान वाचायचं. साठीनंतर अक्षरं शिकलेल्या छबूबाईनं गेल्या सात वर्षांत एकही पाळी चुकवली नव्हती.

यंदा ज्येष्ठात तिला झटका आला. हातपाय शाबूत राहिले, बोलणंही. बारामतीच्या दवाखान्यात पडल्या पडल्या तिनं पेपर उचलला आणि सुनेला विचारलं, "अनिता, ह्यो कुठल्या भाषेतला आणलास?"

पेपर मराठीच होता.

डॉक्टरांनी तिला नाव लिहायला सांगितलं. तिनं झरझर लिहिलं. तोच कागद समोर धरला, तर म्हणाली, "हे कुणी लिवलंय?"

"मेंदूत लिहायची जागा वेगळी आणि वाचायची वेगळी," डॉक्टर म्हणाले. "तुमची लिहायची शाबूत आहे."

"मग वाचायला कधी येईल?"

"सांगता येत नाही."

विहारात तिची पाळी जवळ आली. अनिता म्हणाली, "आत्या, तुमच्याऐवजी मी वाचते."

शेजारची पुतळाबाई म्हणाली, "पान पाठ कर अन् ग्रंथ पुढ्यात धर. कुणाला कळतंय?"

"मला कळंल की. साठ वर्सं नुसती ऐकायला बसले. परत तितं न्हाय बसायचं."

पाळीच्या आदल्या दिवशी ती भांडी लावत होती. इंदापूरच्या भावानं दिलेल्या पातेल्यावर काही कोरलेलं होतं. डोळ्यांना त्या नुसत्या रेघा दिसत होत्या. बोट मात्र सवयीनं त्यांवरून फिरलं, आणि बोटाला ग कळला. मग काना, मात्रा. "गोकुळ," ती म्हणाली. भावाचं नाव. तिनं पेपर ओढला आणि छापील अक्षरं बोटानं गिरवायला लागली. एकेक अक्षर हाताकडून कळत गेलं.

दुसऱ्या दिवशी विहारात ती तशीच वाचायला बसली. पाऊण तासात पाच ओळी झाल्या.

"माझा भात करपंल, बाई," पुतळाबाई म्हणाली.

"जा की मग. तुला कुणी धरलंय?"

पुतळाबाई बसून राहिली. थोड्या वेळानं छबूबाईनं पानात खूण घातली. "उरलेलं उद्या. पान माझंच हाय."

उद्याची पाळी सोमनाथची होती. तो म्हणाला, "व्हय मावशी, तुमीच संपवा."

त्या पानाला सहा दिवस लागले. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, तेव्हा ग्रंथाची पाच पानं शिल्लक राहिली. ती आम्ही पुढच्या आठवड्यात बसून संपवली.