ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा

वसंतने ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला आणि उन्हात धरला. मधल्या वीतभर भागातले धागे चकाकत होते, इस्त्री जरा जास्त वेळ टेकल्यासारखे.

केळीच्या एका व्यापाऱ्याला ही मोठी, महागडी गाडी जुन्यात घ्यायची होती. ती तपासायला त्यानं वसंतला शहरातल्या शनवारा भागातल्या गॅरेजमधून जैनाबादला, मालकाच्या घरी पाठवलं होतं. रंग नवा होता, आतलं चामडं मऊ होतं. पण डावीकडच्या दारांच्या फटी सारख्या नव्हत्या.

"ॲक्सिडेंटची आहे भाऊ," गाडी विकणाऱ्या तुषारनं आधीच सांगितलं होतं. "भैया चालवत होता. डाव्या बाजूनं झाडावर गेली. काम सगळं करून घेतलंय." मग फोन वाजला म्हणून तो अंगणाच्या टोकाला गेला.

त्याची वहिनी पूर्णिमा कागदपत्रं घेऊन पायरीवर उभी होती. तिचा नवरा, तुषारचा भैया मयूर त्या अपघातात गेल्यापासून, सव्वा वर्षात, ती या गाडीजवळ फिरकली नव्हती. त्या दुपारी दोघे भाऊ गाडीत होते, आणि तिनंच नवऱ्याला फोन केला होता. तो 'हॅलो' म्हणाला, आणि पुढे नुसता आवाज. चालत्या गाडीत फोन करून हिनं माझा पोरगा घेतला, असं सासू मालूबाई येईल त्याला सांगायची. पूर्णिमानं कधी उलट उत्तर दिलं नाही. तिलाही तेच वाटत होतं.

ती हळूहळू खाली आली.

"काय पाहता दादा?"

"हा पट्टा बदलावा लागेल, ताई. यानं माणसाचा भार घेतलाय. धक्क्यात धागे असे भाजतात." त्यानं डावीकडचा पट्टा ओढून दाखवला. "हाही मूळचाच. पण पहा, कोरा. इथं बसलेल्यानं लावलाच नव्हता."

"आणि चालवणाऱ्यानं लावला होता?"

"हो. म्हणून तर वाचला असेल तो."

पूर्णिमानं भाजलेला पट्टा हातात घेतला. तो चालवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून खाली येत होता. तुषारच्या उजव्या खांद्यापासून छातीवर उतरलेला काळानिळा वळ जायला महिना लागला होता. मालूबाई त्यावर रोज लेप लावायची, तो उगाळून पूर्णिमा द्यायची. मयूरच्या छातीवर वळ नव्हता. शेवटची आंघोळ घालताना तिनं पाहिलं होतं.

"झालं का चेकिंग?" तुषार परत आला. मग त्याला तिच्या हातातला पट्टा दिसला. तो थांबला.

वसंत एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहून बोनेटपाशी सरकला.

"वहिनी," तुषार म्हणाला. "मी सांगणार होतो."

"मला नका सांगू, भाऊजी. आई आत आहेत. आधी त्यांना सांगा."

त्याला वाट द्यायला ती बाजूला झाली.  तुषारनं दाराशी जाऊन चपला काढल्या.