कोरडा घास

निफाडजवळच्या द्राक्षबागाईतदार खंडेरावांच्या घरात जेवायला बसलं की कुरबूर ठरलेली. त्यांची बायको लंकाबाई घासागणिक पाण्याचा घोट घ्यायची. भाकरी तोंडात भुशासारखी फिरायची, गिळता गिळली जायची नाही. चार वर्षांत निम्मे दात किडले, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. खंडेराव म्हणायचे, पन्नाशी आली तसे हिचे नखरे वाढले. बाईच्या दुखण्याला आपल्याकडे घरोघरी हेच नाव मिळतं.

पिंपळगावला भाचीच्या लग्नात पंगतीत लंकाबाईला ठसका लागला. ती भरलं ताट टाकून उठली. खंडेरावांनी चारचौघांत तिला झापलं. घरी आल्यावर ती हुंदके देऊ लागली.

‘‘डोळ्यात टिपूस नाय अन् रडायचं सोंग करती!’’ खंडेराव म्हणाले.

सून हर्षालीने ते ऐकलं. दातांच्या डॉक्टरांनी मागेच नाशिकच्या सांधेवात-तज्ज्ञ डॉ. वेदिका यांच्या नावाची चिठ्ठी दिली होती, ती कपाटात तशीच पडून होती. दुसऱ्या दिवशी हर्षालीने नंबर लावला आणि सासऱ्यांनाही गाडीत बसवलं.

डॉक्टरांनी रक्ताची आणि डोळ्यांची तपासणी आणि सोनोग्राफी लिहून दिली. खंडेराव चपापले. या वयात बायकोची सोनोग्राफी? गावात लोक काय म्हणतील? डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की सोनोग्राफी फक्त पोटाची नसते. कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लाळेच्या ग्रंथी बघायच्या आहेत. सुई नाही, दुखणं नाही.

आठवड्याने सगळे कागद समोर आले. सोनोग्राफीच्या फोटोवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाल्या, ‘‘चांगली ग्रंथी एकसारखी राखाडी दिसते. यांच्या ग्रंथीत हे काळे ठिपके बघा. नुसत्या सोनोग्राफीवर आम्ही ठरवत नाही, पण रक्ताचा आणि डोळ्यांचा रिपोर्टही तेच सांगतोय. रोगाशी लढणारी शरीरातली फौज स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटली आहे. या आजाराला शोग्रेन म्हणतात.’’

‘‘अश्रूंच्या?’’ खंडेरावांनी विचारलं.

‘‘हो. यांना रडू येतं, पाणी येत नाही.’’

खंडेरावांची मान खाली गेली.

‘‘दादा, द्राक्षाच्या पानावर डाग दिसला तर किती दिवस थांबता?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘दिवस कुठला? त्याच दुपारी औषध मारतो.’’

‘‘आणि यांच्यासाठी चार वर्षं थांबलात.’’

बाहेर आल्यावर बाकावर बायकोशेजारी बसून खंडेराव इतकंच म्हणाले, ‘‘माझं चुकलं गं. तू सांगत होतीस, मीच ऐकलं नाय.’’ लंकाबाईने नुसती मान हलवली. चार वर्षांचा सल एका वाक्याने निघत नसतो.

आजार मुळापासून जाणार नव्हता. पण डोळ्यांत थेंब, लाळ सुटायच्या गोळ्या, दातांची निगा आणि दर सहा महिन्यांनी तपासणी, एवढ्याने तिचं जेवण सुसह्य झालं. रस्सा पातळ झालाय ना, हे आता खंडेराव आधी चाखून बघतात.

परवा शेजारचा बुधा बायकोबद्दल कुरकुरत होता, की नवसाबाई रोज थकल्याचं निमित्त काढते. खंडेराव म्हणाले, ‘‘निमित्त म्हणू नको. उद्या तिला दवाखान्यात घेऊन जा, मी येतो संगं.’’

मंडळी, यंत्राला काळे ठिपके दिसतात, पण बाईला यंत्रापर्यंत न्यायचं काम घरच्या माणसांचंच आहे. आणि त्यासाठी आधी तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.