बांधलेलं औषध

गुरुग्रामच्या त्या सोसायटीचं क्लबहाउस खचाखच भरलं होतं. स्टेजवर मुरलीधरराव सगळ्यांदेखत पुरीमागून पुरी खात होते. परवापरवापर्यंत ज्यांच्या पोटात पेज ठरत नव्हती, ते!

"देखो, चेहरे पे तेज!" शेजारी उभे असलेले भस्मवाले महाराज गरजले. "डॉक्टर की दवा क्यों रुकी? घर की ही औरत ने बाँध रखी थी. हमारी भस्म ने छुड़ा दी!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! बसलेले सगळे जाडजूड पगाराचे इंजिनियर. अक्कल बहुतेक चपलांबरोबर बाहेर काढून आले होते.

'औरत' म्हणजे मुरलीधररावांची बायको, साधना. तिनेच करणी करून औषधाचा गुण बांधून ठेवला, असं महाराजांचं म्हणणं. आता ते तिच्या हातचं खात नव्हते. मुलीला, कृतिकाला, महाराजांच्या कानाखाली वाजवावीशी वाटे. पण तिचीच पंचाईत होती. बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, हे तिनेच लपवलं होतं. "बाबा खचतील गं आई, सूज म्हणायचं." डॉक्टरांनाही तिने तशीच गळ घातली होती. मग साध्या सुजेवरचं औषध चालेनासं का झालं, याचं उत्तर घरात कोण देणार? महाराजांनी दिलं.

कृतिकाने भस्माची पुडी लॅबमध्ये दिली. रिपोर्ट हाती येताच आईबाबांना घेऊन ती बाबांवर आधी उपचार करणाऱ्या डॉ. नचिकेतांकडे गेली.

"काका, हे तेज नाही," डॉक्टर म्हणाले. "भस्मात स्टेरॉइड दळून घातलंय. त्याने भूक लागते, हुशारी वाटते, चेहरा सुजतो. गाठ मात्र आत वाढतच होती."

"मग तुमचं औषध का थांबलं?"

"बाबा, कॅन्सर आहे तुम्हाला," कृतिका कशीबशी म्हणाली.

डॉक्टर हळू आवाजात सांगू लागले, "औषध कोणी बांधलं नाही. पेशीच्या दारावर बेल असते म्हणा. ती वाजली की पेशी वाढते. आपलं औषध ती वाजू देत नाही. पण काही पेशींच्या जनुकात असा बदल होतो, की बेल न वाजताच आतून वाढीचा हुकूम सुटत राहतो. बाकीच्या पेशी मेल्या, या उरल्या आणि फोफावल्या. तेव्हाच दुसरं औषध द्यायचं होतं. तुम्ही आलाच नाहीत."

"आणि आता?" साधनाने विचारलं.

"यकृतात बराच पसरलाय. औषध देऊ. बरे होतील, असं मात्र म्हणवत नाही."

मुरलीधरराव मुलीकडे वळले. "तू खरं सांगितलं असतंस, तर मी यांना विचारलं असतं. तू सांगितलं नाहीस, म्हणून त्या महाराजाला विचारलं." कृतिका ढसाढसा रडली.

महाराजांचं पुढचं शिबिर द्वारकेत आहे म्हणे. कशाला जाता? औषध चालेनासं झालं तर डॉक्टरांना जाब विचारा, पुन्हा तपासण्या करा. आणि कृपा करून आजाऱ्याला त्याचा आजार सांगा. मरण त्याचं आहे, निदान ते तरी त्याच्यापासून चोरू नका.