पायाखालचा खटका

स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि बाहेर हात जोडून गप्प बसलेली वीस माणसं एकदम दचकली.

"आला," कोणीतरी कुजबुजलं.

मी आत जाऊन गॅस बंद केला. "दूध आलंय," बाहेर येऊन सांगितलं. कोणी हसलं नाही.

ही कळव्याच्या आमच्या कोळीवाड्यातली, १९८८ सालची गोष्ट. पाटावर माझ्या दिराचा, कान्हाचा, गिटारचा जुना विलायती अँप्लिफायर, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी, मांडलेला. कान्हा हळदीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा, वर्षापूर्वी काविळीने गेला. त्या पेटीला लांब वायरने जोडलेला एक लोखंडी खटका होता, पायाने दाबायचा. दाबला की गिटारचा सूर थरथरायचा, पुन्हा दाबला की सरळ व्हायचा.

गोमाजी भगताने तांब्यातलं तीर्थ खटक्यावर शिंपडलं. पेटीची नुसती घरघर चालू होती. थोड्या वेळाने ती हेलकावू लागली. घूं... घूं... घूं... अगदी हुंदक्यांसारखी. आवडाबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, पदराचा बोळा तोंडात धरला.

"ऐक गो आवडे, तुजा सोकरा रडतंय," गोमाजी म्हणाला. "पेटीत काचेचे दिवे हायत. आत्म्याला थंडी वाजते, तो दिव्याजवळ येतो."

"आमच्या शेगडीजवळ कधी आला नाही तो," मी म्हटलं.

"सगुणे, तू गप," सासूबाई म्हणाल्या.

गोमाजीने माझ्या मांडीकडे बोट केलं. तिथे माझी रतन बसली होती, पाच वर्षांची, दोन्ही पाय पिवळ्या फडक्यात बांधलेले. "ही पायाळू. पाय आधी घेऊन जन्मली. हिने खटक्यावर पाय ठेवला नि त्याला खेचून आणला. आता तेच पाय बांधून ठेवायचे. तीन रविवार तीर्थ, तिसऱ्या रविवारी तळपायाला बिब्बा. मग सुटेल तो."

बिब्ब्याचा चीक कातडीला लागला की टरारून फोड येतात. हा पहिला रविवार होता.

सुरुवात दसऱ्याला झाली होती. आमच्याकडे दसऱ्याला होडी, इंजिन, शिवणाचं मशीन, सगळ्यांवर नारळ फुटतो. सासूबाई म्हणाल्या, माझ्या कान्हाच्या पेटीवर पण फोडा. पेटीला धक्का नको म्हणून तो खटक्यावर फोडला. मग म्हणाल्या, एकदा चालू करा, लाल दिवा तरी बघू दे. काकाने शिकवलं होतं तसा रतनने खटका पायाने दाबला. घरघर थरथरायला लागली. पुन्हा दाबला, तरी थांबेना. सासूबाईंनी गोमाजीला बोलावणं धाडलं.

परशुराम, माझा नवरा, म्हणाला, "जाऊ दे ना. आयेला बरं वाटतंय."

"आणि रतनचे पाय?"

"बघू तेव्हाचं तेव्हा."

सासूबाईंना बरं वाटत नव्हतं. पोरगा पेटीत कोंडून रडतोय म्हणून त्या जेवत नव्हत्या. फडकं बांधलं नाही तर पाण्यालाही शिवायच्या नाहीत. म्हणून रोज सकाळी मीच ते बांधायचे. गाठ सैल ठेवायचे, तेवढीच माझी हिंमत.

लग्नाआधी मी वागळे इस्टेटमध्ये रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करायचे. चार वर्षं बिघडलेले सेट उघडले होते, आणि ही एक पेटी मला दाद देईना. दुपारी रतन झोपली आणि सासूबाई बाजारात गेल्या की नळाला पाणी येईपर्यंतचा तास माझा. सोमवारी पेटी बंद असताना व्हॉल्व्ह, म्हणजे ते काचेचे दिवे, हलवून घट्ट बसवले. थरथर तशीच. मंगळवारी वायरचे जोड नव्याने मारले. तशीच. बुधवारी कारण नसताना सरळ घरघर. गुरुवारीही सरळ. माझ्या हातांनी झालं म्हणावं, तर दुसऱ्या रविवारी गोमाजीने पाणी शिंपडलं आणि पुन्हा हुंदके. मी मोरीत जाऊन बादलीला लाथ मारली. अंगठा सुजला, इतकंच.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, रतनचं दूध गाळताना मी कॅलेंडरच्या मागे दिवस लिहिले. रविवार रडते. सोमवार रडते. मंगळवार रडते. बुधवार गप्प. रविवार रडते. लिहून बघितलं आणि मलाच माझी लाज वाटली. मी पेटीत बघत होते आणि पाणी पडत होतं खटक्यावर.

खटक्याची पिन पेटीतून उपटली. थरथर बंद. लावली. सुरू. उपटली. बंद. स्क्रू ड्रायव्हर सापडेना, तर रतनच्या चमच्याच्या दांड्याने तळाचं झाकण उघडलं. आत नारळाच्या पाण्याची चिकट साय, हळद, मिठाचे खडे आणि तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज. गोमाजी तीर्थात खाडीचं पाणी मिसळत होता. खारं पाणी वीज वाहून नेतं. ओलं असेतो खटका आतून जोडलेलाच राहायचा, वरून कोणी दाबो न दाबो. सुकला की सुटायचा. भुताला उतरवायला आणलेलं पाणीच भूत होतं.

मी तो स्पिरिटने धुतला, पॉलिश पेपरने घासला, झाकणाच्या फटीत मेणबत्तीचं मेण भरलं आणि तिसऱ्या रविवारची वाट बघितली.

तिसऱ्या रविवारी वीसची चाळीस माणसं झाली होती. गोमाजीच्या पुढ्यात ताटलीत बिब्बा होता. त्याने पाणी शिंपडलं. सरळ घरघर. अजून शिंपडलं. शेवटी तांब्या जवळजवळ रिकामा केला.

"आज रुसलाय," तो म्हणाला.

"रुसला नाही, मेण लावलंय," मी म्हटलं, आणि खटका पुसून सगळ्यांसमोर उघडला. "आये, हे तांब्याच्या तळाचं पाणी घ्या. तुमच्या हाताने एक चमचा आत टाका."

"बाईमाणसाने हात लावला तर कोप होईल," गोमाजी उठत म्हणाला.

"माझा पोरगा माझ्यावर कोपेल व्हय रे?" सासूबाई म्हणाल्या, आणि चमचा ओतला. पेटी हुंदके द्यायला लागली. मी पाणी टिपलं, स्पिरिट फिरवलं, फुंकर मारली. हुंदके थांबले. त्यांनी पुन्हा ओतलं. पुन्हा रडली. असं तीनदा.

"म्हणजे माझा कान्हा रडत नव्हता?"

"नाही, आये."

"मग बरं," त्या म्हणाल्या. ताटलीतला बिब्बा उचलून त्यांनी खिडकीबाहेर फेकला आणि परशुरामला सांगितलं, "भूक लागलीय. भात वाढ."

गोमाजी चपला शोधत होता. त्याला वीज कळत नव्हती. पण पाणी टाकलं की रडते आणि सुकली की थांबते, एवढं त्याने पहिल्याच आठवड्यात ओळखलं असणार. तेवढं तर घरातलं कोणीही ओळखू शकलं असतं. म्हणून वाचणाऱ्या आयाबायांना एवढंच सांगते: नवल दिसलं की हात जोडण्याआधी कॅलेंडरच्या मागे दिवस लिहा. काय केल्यावर होतं, काय न केल्यावर होत नाही, ते बघा. शिक्षण लागत नाही त्याला, आणि कोणाच्या पोराचे पाय तरी वाचतात.

माणसं गेल्यावर मी रतनचं फडकं सोडलं. गाठ सैल असूनही घोट्याभोवती वळ उठले होते. त्यांना खोबरेल लावत बसले. तिने पाय हलवून बघितले, मग माझ्याकडे बघितलं.

"आई, भूत नव्हतं हे तुला माहीत होतं ना?"

"हो गं."

"मग रोज तू का बांधायचीस?"