हिराच्या दिवाणावरचा डाग

तीन महिने पाळी आली नव्हती. सत्तेचाळिसाव्या वर्षी आता संपलीच ती, असं धरून शालन हिराच्या घरी हळदीकुंकवाला निर्धास्त गेली. भाजे गावात हिरा तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन इथं आलेल्या.

वाण घेऊन उठताना तिला दिवाणावरच्या पांढऱ्या चादरीवर डाग दिसला. शालननं पदर मागून ओढून घेतला आणि कुणाशी न बोलता बाहेर आली. चप्पल घालत होती, तेवढ्यात आतून हिराचा आवाज आला.

"समीक्षा, सनाच्या दिवशी सांगायचं तरी. बायांच्या देखत हे?"

"मी न्हाई, आत्या," हिराची नवी सून म्हणाली.

"मग काय आमा म्हाताऱ्यांचं व्हय?"

बायका हसल्या. शालननं तेव्हाच आत जायला हवं होतं. ती भराभरा घरी निघून गेली.

त्यानंतर ती मंगळवारच्या भजनाला गेली नाही. हिराचा फोन आला की अंगात कणकण आहे म्हणायची. हिरा समोरून येताना दिसली की बांधावरून वळायची. असे दोन महिने गेले.

एक दिवस मळवली स्टेशनवर समीक्षा भेटली. तिनं आपणहून शालनच्या हातातली जड पिशवी घेतली.

"मावशी, तुमी येतच न्हाई. आत्या लय आठवण काढत्यात."

"तू बरी हायेस ना?"

"व्हय." मग ती म्हणाली, "आत्या आता माझ्या तारखा लिवून ठेवत्यात. चार दिस कुनी आलं तरी मला म्होरं येऊ देत न्हाईत."

शालन म्हणाली, "तो डाग माझा व्हता, समीक्षा."

समीक्षानं पिशवी खाली ठेवली. "आत्या मला बोलत व्हत्या, ते ऐकलं व्हतं तुमी?"

"व्हय. दारातच व्हते."

"मग मला नका सांगू. त्यांना सांगा."

संध्याकाळी शालन हिराकडे गेली. हिरा ओसरीवर पावटा सोलत होती. शालननं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हिराचे हात थांबले.

"डागाचं काय न्हाई गं," ती म्हणाली. "माझंबी वरीसभर असंच चाललंय. लोनावळ्याला डाक्टरकडं जाते, घरात बाजार म्हून सांगते. पर दोन महिने, शालन? त्या पोरीला मी चारचौघींत बोलले."

शालन ओसरीच्या कडेला बसली.

हिरानं आत हाक मारली. "समीक्षा, हितं ये. जरा बस माझ्याजवळ."

"चहा ठेवलाय, आत्या."

समीक्षा दोन कप घेऊन आली. एक सासूच्या हातात दिला, दुसरा शालनसमोर जमिनीवर ठेवला आणि न बसता आत गेली. हिरा पुन्हा पावटा सोलायला लागली. शालननं खाली मान घालून कप उचलला आणि थंड होईपर्यंत तसाच हातात धरून बसली.